महाराष्ट्रातील कांदळवने

महाराष्ट्रातील कांदळवने ही कोकण किनाऱ्यावरील खाड्या, नदीमुखे आणि लाटांपासून आडोसा मिळालेले किनारे येथे, दिवसातून दोनदा भरतीच्या पाण्याने भिजणाऱ्या चिखलपट्ट्यावर वाढणारी क्षारसहिष्णू वने होत. पालघर, ठाणे, मुंबई उपनगर, मुंबई शहर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सातही सागरी जिल्ह्यांत ती आढळतात. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशात ४,९९२ चौ. किमी. कांदळवन असून त्यापैकी ३२४ चौ. किमी. महाराष्ट्रात आहे. पश्चिम बंगाल (२,११४ चौ. किमी.) किंवा गुजरात (१,१७५ चौ. किमी.) यांच्या तुलनेत हे क्षेत्र लहान आहे. तथापि त्याचा मोठा भाग मुंबई महानगर प्रदेशात, म्हणजे देशातील अत्यंत दाट लोकवस्तीच्या आणि अत्यंत महाग जमिनीच्या शेजारी आहे. या वनांचे महत्त्व आणि त्यांच्यावरील संकट ही दोन्ही या शेजारातून आली आहेत.

कांदळवन हे केवळ झाडांनी बनत नाही. झाडे, चिखल आणि भरती-ओहोटीचे पाणी या तिघांच्या नित्य व्यवहारातून ते उभे राहते. यातील पाण्याचा व्यवहार थांबला तर एकही झाड न तोडता संपूर्ण वन मरते. महाराष्ट्रातील कांदळवनांच्या ऱ्हासाचा इतिहास समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक ठरते.

नावे

बोलीभाषेत या वनांना खारफुटी, कांदळ, तिवर, चिपी अशी वेगवेगळी नावे आहेत. यातील काही नावे संपूर्ण वनाला, तर काही विशिष्ट झाडांना लावली जातात. तिवर हे ॲव्हिसेनिया प्रजातीतील झाडांचे, कांदळ हे ऱ्हायझोफोरा प्रजातीतील झाडांचे, तर चिपी किंवा चिप्पी हे सोनरेशिया प्रजातीतील झाडांचे नाव होय. मुंबई-ठाण्याकडे तिवराचे प्रमाण सर्वांत अधिक असल्यामुळे तेथील लोक संपूर्ण वनालाच 'तिवरं' म्हणतात. शासकीय दप्तरात कांदळवन हा शब्द रूढ झाला आहे.

खाजण हा शब्द पुष्कळदा कांदळवन या अर्थी वापरला जातो. परंतु त्याचा मूळ रोख वनावर नसून खाऱ्या दलदलीच्या जमिनीवर आहे. गोव्यात तर खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतजमीन. एकाच शब्दाच्या या दोन छटांमधून शेती आणि कांदळवन यांची जुनी शेजारसोबत व जुना तंटा दोन्ही दिसून येतात.

चिखलातील जीवनक्रम

खाडीचा चिखल ही सामान्य झाडाला जगण्यास अशक्य अशी जागा आहे. तेथे मीठ आहे, प्राणवायू जवळजवळ नाही, पायाखालची भूमी स्थिर नाही आणि रुजू पाहणारे बी पुढच्याच ओहोटीला वाहून जाण्याची भीती आहे. या चारही अडचणींवर कांदळवनातील झाडांनी आपापल्या परीने उपाय शोधले आहेत.

मिठाच्या बाबतीत कांदळाची मुळे गाळणीसारखे काम करतात आणि बहुतांश क्षार आत शिरूच देत नाहीत. तिवर मात्र काही क्षार आत घेतो व पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवसांत तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावले तर खारट चव लागते. हवेसाठी तिवराच्या जमिनीखालील आडव्या मुळांना पेन्सिलीसारखे असंख्य कोंब फुटतात. ते चिखलातून सरळ वर येतात. ही श्वसनमुळे होत. ओहोटीच्या वेळी त्यांच्यावरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत जाते व खालच्या मुळांपर्यंत पोहोचते. चिप्पीची श्वसनमुळे याहून जाड व शंकूसारखी असतात. कांदळाला खोडापासून कमानीसारखी आधारमुळे फुटतात आणि झाड जणू अनेक पायांवर उभे असल्यासारखे दिसते.

बीजाच्या बाबतीतील उपाय सर्वांत विलक्षण आहे. कांदळाचे बी फळ झाडावर असतानाच रुजते आणि त्यातून शेंगेसारखा लांब, खाली टोकदार असा कोंब लोंबू लागतो. पूर्ण वाढ झाल्यावर तो गळून पडतो. ओहोटी असेल तर चिखलात रुतून तेथेच उभा राहू शकतो. भरती असेल तर तरंगत दूर जातो आणि अनुकूल जागी रुजतो. ज्याला आपण कांदळाची शेंग म्हणतो ते वस्तुतः तयार रोपच असते.

या सगळ्या व्यवस्था पाण्याच्या लयीवर बेतलेल्या आहेत. श्वसनमुळे सतत पाण्याखाली राहिली तर झाड गुदमरते; पाणी येणेच थांबले तर जमीन वाळून क्षारांचे प्रमाण असह्य होते. उधाणाची भरती कुठवर चढते, भांगाच्या दिवसांत पाणी कुठे थांबते, यावरूनच कोणती जाती कोठे वाढणार हे पुष्कळ अंशी ठरते.

कांदळवनातील चिखलाला कुजकट वास येतो. त्यामुळे ही जागा घाणेरडी असल्याचा समज शहरी लोकांत दृढ आहे. वास्तविक तो वास प्राणवायूरहित मातीत सेंद्रिय द्रव्याचे विघटन करणाऱ्या जीवाणूंच्या कार्यातून निर्माण होणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो. तो निरोगी कांदळवनातही येतोच.

प्रमुख वनस्पती

महाराष्ट्रात खऱ्या कांदळ वनस्पतींच्या सुमारे २० जाती नोंदलेल्या आहेत. उत्तरेकडे, विशेषतः मुंबई, ठाणे व रायगडच्या खाड्यांत तिवराचे वर्चस्व आहे. प्रदूषण, क्षारांतील चढउतार आणि तोड या तिन्ही गोष्टी तो इतरांपेक्षा अधिक सोसतो. दक्षिणेकडे रत्नागिरी व सिंधुदुर्गातील तुलनेने स्वच्छ खाड्यांत जातींची विविधता वाढते. कांदळ, चिप्पी, काजळा, किरकिरी, झुंबर यांचे मिश्र वन तेथे पाहावयास मिळते. काठाकडे मारांडीची काटेरी झुडपे आढळतात. हिची निळसर जांभळी फुले देखणी असतात. सुरुंद किंवा गेवा या झाडाचा पांढरा चीक डोळ्यांना घातक असल्यामुळे लाकूडतोडे त्यापासून जपून राहतात.

ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने पांढरी चिप्पी, शास्त्रीय नाव सोनरेशिया आल्बा, हिला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केले. असा वृक्ष घोषित करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. पांढऱ्या चिप्पीची फुले रात्री उमलतात. पाकळ्यांपेक्षा पांढऱ्या पुंकेसरांचा झुबकाच नजरेत भरतो, आणि परागीभवनास वटवाघळे व पतंग साहाय्य करतात.

पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईच्या परिसरातील तिवरांची पाने मोठ्या क्षेत्रावर एकाएकी तपकिरी पडून झडल्याचे काही वर्षी दिसते. कोणीतरी विष घातल्याची शंका अशा वेळी घेतली जाते. पुष्कळदा याचे कारण पाने खाणारी अळी हे असते. सागावरही हीच अळी आढळते. काही आठवड्यांत तिवरांना नवी पालवी फुटते. अळीची विष्ठा व झडलेली पाने चिखलात मिसळून खाडीतील जीवांचेच अन्न होते. भरावामुळे किंवा पाणी अडल्यामुळे वाळलेल्या वनात मात्र अशी पालवी येत नाही. हा फरक ओळखता येणे कांदळवनावर लक्ष ठेवणाऱ्या नागरिकांना उपयोगाचे असते.

पर्यावरणीय महत्त्व

खाडीचे अन्नछत्र. कांदळवनाची पाने गळून चिखलात पडतात. खेकडे ती तुकडे करून बिळांत नेतात, बुरशी व जीवाणू ती कुजवतात, आणि या कुजलेल्या द्रव्यावर कोळंबीची पिल्ले, लहान मासे व शिंपल्यांचे जीव पोसले जातात. मुळांच्या जाळ्यात मोठ्या माशांना सहजासहजी शिरता येत नाही, म्हणून पिल्लांना तेथे संरक्षणही मिळते. कोळंबी, बोयट, तांबोशी, जिताडा यांच्यासारख्या जातींच्या जीवनक्रमातील काही काळ खाडी व कांदळवन यांच्या आश्रयाने जातो. अलिबाग-पेण भागात खाडीतून जिताड्याची पिल्ले पकडून शेततळ्यांत सोडण्याची जुनी पद्धत आहे. ती पिल्ले मिळणे हे खाडीच्या प्रकृतीवर अवलंबून असते. चिंबोरी, कालवे, खुबे, तिसऱ्या यांवर खाडीकाठच्या कोळी, आगरी, भोई, गाबीत इत्यादी समाजांतील असंख्य कुटुंबांची, विशेषतः स्त्रियांची, उपजीविका चालते. होडी व जाळे नसलेल्या माणसालाही केवळ हातांनी जेथून अन्न मिळवता येते अशी ही जागा आहे. कांदळवन नष्ट झाल्याचा पहिला फटका त्यामुळे सर्वांत गरीब घराला बसतो, आणि प्रकल्पांच्या नुकसानभरपाईच्या याद्यांत हीच घरे बहुधा नसतात.

पूर व वादळे. मुळांच्या जाळ्यामुळे पाण्याचा वेग मंदावतो व गाळ खाली बसतो. किनाऱ्याची धूप त्यामुळे कमी होते. ऑक्टोबर १९९९ मधील ओडिशाच्या महाचक्रीवादळानंतर केंद्रपाडा जिल्ह्यातील शेकडो गावांचा अभ्यास सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट यांनी केला व तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये कांदळवनाचा पट्टा जितका रुंद, तितकी मृत्यूंची संख्या कमी, असे त्यांना आढळले. मात्र शासनाने वेळेवर दिलेल्या पूर्वसूचनेने कांदळवनापेक्षा अधिक जीव वाचवले, हेही त्याच अभ्यासाने नोंदवले आहे. कांदळवनाला अभेद्य तटबंदी समजणे योग्य नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूतील गावांविषयी झालेल्या अशाच अभ्यासांवर पुढे मतभेद झाले. गावाची उंची व समुद्रापासूनचे अंतर यांचा वाटा किती आणि झाडांचा किती, हा त्यातील वादाचा मुद्दा होता.

मुंबईच्या संदर्भात २६ जुलै २००५ च्या महापुराचा उल्लेख नेहमी होतो. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. इतक्या पावसाला केवळ कांदळवनाने तोंड दिले असते असे म्हणता येणार नाही. परंतु मिठी नदीचे पात्र व माहीमच्या खाडीचा पसारा भराव घालून संकुचित केल्यामुळे पाणी पसरायला जागा उरली नव्हती, हे पुरानंतर सर्वांच्या लक्षात आले. खाडीकाठची दलदल व कांदळवन म्हणजे पुराच्या पाण्याचे राखीव अंगण असते. योगायोग असा की पुढे २०१५ मध्ये युनेस्कोने आंतरराष्ट्रीय कांदळवन परिसंस्था संवर्धन दिन म्हणून जो दिवस स्वीकारला तोही २६ जुलै हाच आहे. त्याचा मुंबईच्या पुराशी संबंध नाही.

कार्बनचा साठा. कांदळवनाखालील चिखलात प्राणवायू नसल्यामुळे गळलेली पाने व मुळे पूर्णपणे कुजत नाहीत आणि त्यांतील कार्बन शतकानुशतके मातीतच राहतो. हिंदी व प्रशांत महासागरांच्या प्रदेशातील कांदळवनांच्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दर हेक्टरी सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला. त्याचा बराच मोठा भाग झाडांत नसून मातीत होता. यावरून असे दिसते की झाडे तोडण्यापेक्षाही चिखल उपसणे किंवा कोरडा पाडणे हे हवामानाच्या दृष्टीने अधिक हानिकारक ठरते.

वन्यजीव. मुंबई-ठाण्याच्या कांदळवनात आजही कोल्हे आहेत, ही गोष्ट अनेक मुंबईकरांना ठाऊक नसते. पाणमांजर, निवटी, नानाविध खेकडे, बगळे, खंड्या आणि हिवाळी पाहुणे पक्षी यांचा हा आसरा आहे. ठाणे खाडीत दरवर्षी मोठ्या संख्येने रोहित पक्षी येतात. त्यांत लहान रोहित व मोठा रोहित असे दोन्ही असतात. २०१५ मध्ये या खाडीतील सुमारे १७ चौ. किमी. क्षेत्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाले, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीचा समावेश रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत झाला. नांदूर मध्यमेश्वर व लोणार यांच्यानंतरचे ते राज्यातील तिसरे रामसर स्थळ होय. रोहित पक्षी कांदळवनात चरत नाहीत. ते वनापुढील उघड्या चिखलमैदानावरील शेवाळ व सूक्ष्म जीव खातात. लागवडीच्या संदर्भात या गोष्टीचे महत्त्व पुढे येईल.

धोके

मुंबई बेटांच्या जडणघडणीचा इतिहास हा समुद्र व खाजण हटवण्याचाच इतिहास आहे. अठराव्या शतकातील हॉर्नबी वेलार्डच्या बांधापासून विसाव्या शतकातील वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत खाऱ्या दलदलीला पडीक जमीन समजून ती 'उपयोगात' आणली गेली. खाजण म्हणजे रोगराईची जागा, अशीच जुनी समजूत होती.

कुऱ्हाडीने होणारी तोड हा आज सर्वांत मोठा धोका राहिलेला नाही. जळणासाठी व खांबांसाठी होणारी तोड पर्यायी इंधन आल्यावर घटली आहे, शिवाय ती पटकन दिसते. खरा धोका पाणी अडवण्यात आहे. खाडीतून वनात जाणाऱ्या लहान ओहोळाच्या तोंडाशी राडारोड्याचे काही ट्रक रिकामे केले, एखादा कच्चा रस्ता मोऱ्यांशिवाय घातला, किंवा मत्स्यतलावाच्या नावाने बांध घातला की आतील वनाची भरती तुटते. प्रथम कडेची झाडे पिवळी पडतात, मग चिखलाला भेगा जातात, आणि दोन-तीन वर्षांत वाळलेली खोडे उरतात. त्यानंतर तेथे कांदळवन नव्हतेच असे म्हणणे सोपे जाते. या पद्धतीत गुन्हा घडला त्या दिवशी दाखवण्यासारखे काहीच नसते आणि दाखवण्यासारखे होते त्या वेळी करणारा सापडत नाही. याच्या उलट प्रकारही घडतो: बाहेर पडण्याची वाट बंद झाल्याने आत पाणी साचून राहते आणि श्वसनमुळे बुडून तिवर गुदमरतो.

या यंत्रणेचे उत्तम उदाहरण महाराष्ट्राबाहेर, तमिळनाडूतील पिचावरम येथे मिळते. तेथे पूर्वी वनविभागाकडूनच पाळीपाळीने सलग पट्टे तोडले जात. उघड्या पडलेल्या जमिनीतील पाण्याचे बाष्पीभवन होऊन ती मध्यभागी खचली, बशीसारखी खोलगट झाली व तीत भरतीचे पाणी साचून अतिखारट होऊ लागले. तोड थांबल्यावरही तेथे झाडे आपोआप परत आली नाहीत. एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने वनविभाग व ग्रामस्थांच्या सहकार्याने माशाच्या काट्याच्या आकाराचे चर खणून भरती-ओहोटीचे येणे-जाणे पुन्हा सुरू केले, आणि त्यानंतर लावलेली झाडे जगली. आधी पाणी, मग रोप, हा त्यातून मिळालेला क्रम आहे.

प्रदूषणाचा भार मुंबई-ठाण्यात सर्वांत जड आहे. शहराचे सांडपाणी, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील सोडलेले पाणी आणि देवनारसारखी खाडीलगतची कचराभूमी यांचा परिणाम ठाणे खाडीवर दीर्घकाळ होत आला आहे. प्लास्टिकच्या पिशव्या श्वसनमुळांभोवती गुंडाळल्या जातात आणि नव्या रोपांना वाकवून मारतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा व खलिजिया या दोन जहाजांची टक्कर होऊन तेलगळती झाली, तेव्हा तेलाचा थर आसपासच्या किनाऱ्यांवरील कांदळवनांच्या मुळांवर बसला.

पायाभूत प्रकल्पांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. रस्ते, पूल, बंदरे, वीजवाहिन्या व रेल्वेमार्ग यांची गरज नाकारता येत नाही, आणि किनारी शहरात ते खाडी ओलांडल्याखेरीज होत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन प्रकल्पासाठी सुमारे २२ हजार कांदळवृक्ष तोडण्यास अनुमती दिली. आरंभीचा प्रस्ताव ५३ हजारांहून अधिक वृक्षांचा होता. न्यायालयापुढे जावे लागल्यामुळे व आराखडा बदलल्यामुळे हानी कमी झाली, ही जमेची बाजू. तथापि प्रत्येक प्रकल्पाचा स्वतंत्रपणे विचार होतो, सर्वांच्या एकत्रित परिणामाची बेरीज मात्र कोणत्याही एका प्रस्तावात मांडली जात नाही.

समुद्राची पातळी वाढू लागल्यावर कांदळवने सामान्यतः हळूहळू जमिनीच्या दिशेने सरकतात. कोकणात, विशेषतः शहरांजवळ, मागे भिंत, रस्ता किंवा इमारत असल्यामुळे त्यांना सरकण्यास जागा नाही. पुढून समुद्र व मागून बांधकाम अशी ही कोंडी आहे.

खारभूमी शेती आणि कांदळवन

कांदळवनाचा प्रश्न केवळ बांधकाम व्यावसायिक विरुद्ध पर्यावरणवादी असा मांडणे रायगड जिल्ह्यात अपुरे पडते. धरमतर खाडीच्या काठी, अलिबाग व पेण तालुक्यांत, पिढ्यान्पिढ्या मातीचे बांध घालून व उघाड्या बसवून खाऱ्या पाण्यापासून भातशेती राखली गेली. उघाडी ही अशी झडप असते की ओहोटीला शेतातील पाणी बाहेर जाते, पण भरतीचे पाणी आत येत नाही. गोव्यातील खाजन शेतीत याच व्यवस्थेला मानस म्हणतात. बांधांची देखभाल पूर्वी गावकऱ्यांच्या सामूहिक श्रमांतून होई. पुढे ही जबाबदारी शासनाच्या खारभूमी यंत्रणेकडे आली. महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम १९७९ चा आहे. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या जातीही विकसित केल्या.

बांधाला खांड पडली आणि ती वेळेवर बुजवली नाही, तर उधाणाचे पाणी शेतात शिरते. एका हंगामाचे पीक जाते. पाणी येतच राहिले तर काही वर्षांत शेतात तिवर उगवतात. एकदा तिवर उगवले की ती जमीन कांदळवन ठरते, तोडणे गुन्हा होतो, आणि सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी स्वतःच्या शेतात नांगर घालू शकत नाही. शेती गेली, जमीन विकताही येत नाही, आणि दोष कोणाचा हेही ठरत नाही. खाडीकाठच्या अनेक गावांची ही तक्रार आहे व ती खरी आहे. निसर्गाच्या दृष्टीने हे वन आपल्या जुन्या जागी परत येत असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने आजोबांनी घातलेला बांध सरकारी अनास्थेने वाहून गेलेला असतो. बांधांची वेळच्या वेळी दुरुस्ती केली तर बांधाच्या आत भात व बाहेर कांदळवन अशी जुनी व्यवस्था दोघांनाही तारते. बांधाबाहेरील झाडे लाटांचा मार झेलून मातीच्या बांधाचेच रक्षण करतात.

कायदेशीर संरक्षण

पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये १९९१ मध्ये काढलेल्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेने कांदळवनांना सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात घातले. २०११ व २०१९ च्या अधिसूचनांत हे वर्गीकरण कायम राहिले. २०१९ च्या अधिसूचनेनुसार १,००० चौ. मी. हून मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा राखावा लागतो.

महाराष्ट्रात प्रत्यक्ष फरक पडला तो बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेच्या याचिकेमुळे. तीवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी अंतरिम आदेश देऊन राज्यभर कांदळवनांची तोड व त्यांवरील भराव यांना मनाई केली, तसेच शासकीय जमिनीवरील कांदळवने वन म्हणून अधिसूचित करण्यास सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ रोजी न्या. अभय ओक व न्या. रियाझ छागला यांच्या खंडपीठाने अंतिम निकाल दिला. कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे, जमिनीची मालकी कोणाचीही असली तरी संरक्षण लागू राहते, आणि नष्ट झालेले कांदळवन पुनःस्थापित करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. सार्वजनिक प्रकल्पांसाठी तोड करावयाची तरी उच्च न्यायालयाची परवानगी आवश्यक झाली ती या निकालामुळेच.

जानेवारी २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. हे करणारे महाराष्ट्र हे अग्रणी राज्य होय. कक्षाच्या साहाय्यासाठी २०१५ मध्ये कांदळवन प्रतिष्ठान उभे राहिले. ऐरोली येथील सागरी व किनारी जैवविविधता केंद्र आणि तेथून निघणारी रोहित पक्षी दर्शनाची नौकाफेरी शालेय सहलींसाठी उपयुक्त आहे. खासगी मालकीच्या जमिनीवरील संवर्धनाचे जुने उदाहरण म्हणून विक्रोळीच्या पिरोजशानगर येथील गोदरेज समूहाने राखलेल्या कांदळवनाचा उल्लेख करावा लागतो.

लागवड, भरपाई आणि आकडे

रस्त्यांसारख्या कामांत कांदळवन बाधित होत असल्यास किमान तिप्पट क्षेत्रावर भरपाई लागवड करावी, अशी २०१९ च्या अधिसूचनेची अट आहे. केंद्र शासनाने ५ जून २०२३ रोजी आरंभलेल्या मिष्टी योजनेत पाच वर्षांत सुमारे ५४० चौ. किमी. क्षेत्रावर कांदळवनांची लागवड व पुनःस्थापना अभिप्रेत आहे. अशा योजनांचे मूल्य लावलेल्या रोपांच्या संख्येवरून ठरवता येत नाही. जेथे भरती पुरेशी पोहोचत नाही तेथे रोपे मरतात. जेथे कांदळवन पूर्वी कधीच नव्हते अशा उघड्या चिखलमैदानावर ती जगली, तर रोहित व इतर पाणपक्ष्यांचे चरण्याचे क्षेत्र घटते. शिवाय अनेक जातींच्या मिश्र वनाच्या बदल्यात एकाच जातीची रांग उभी राहते. भरपाईची जागा मूळ जागेपासून दूर असेल तर मूळ खाडीतील कोळ्याला तिचा काहीच लाभ होत नाही.

राज्यातील कांदळवनाचे क्षेत्र वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार १९८७ मध्ये १४० चौ. किमी., २००५ मध्ये १८६ चौ. किमी. आणि २०२१ मध्ये ३२४ चौ. किमी. असे दिसते. हे आकडे शेजारी ठेवले की कांदळवन दुपटीहून अधिक वाढल्याचे वाटते व प्रकल्पांच्या समर्थनार्थ ते उद्धृतही केले जातात. वाढीचा काही भाग खरा आहे: २००५ नंतरचे संरक्षण, खाड्यांत साचणाऱ्या गाळावर उगवलेली नवी झाडे आणि खारे पाणी शिरून पडीक झालेली शेते ही त्याची कारणे आहेत. काही भाग मात्र उपग्रहचित्रे व मोजणीची पद्धत सुधारल्याचा परिणाम आहे. गाळाने भरत चाललेल्या खाडीत वाढणारे तिवर हे खाडी उथळ होत असल्याचेही लक्षण असते. हिरवे क्षेत्र वाढत असतानाच मासळीची जागा कमी होत असू शकते.

उपजीविका

२०१७ मध्ये राज्य शासनाने कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना सुरू केली. खाडीकाठच्या गावांतील गटांना खेकडापालन, कालवेपालन, पिंजऱ्यातील मत्स्यपालन, शोभिवंत माशांची पैदास व निसर्ग पर्यटन यांसाठी तीतून साहाय्य मिळते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ले येथील मांडवी खाडीत स्त्रियांचा एक बचत गट पर्यटकांना वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतो. माहिती देणाऱ्या या स्त्रिया मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील असून झाडांची स्थानिक व शास्त्रीय अशी दोन्ही नावे सांगतात. फेरीची वेळ भरतीच्या तक्त्यानुसार दररोज बदलते.